जिभेचा उपास

गोजरबाईनं दुधाचं माप अर्ध्यावर थांबवलं, उंबऱ्याच्या आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाई, मालक हाईत ना घरात?"

"आहेत की. दाढी करताहेत," दमयंती म्हणाली.

"तसं न्हाई. म्हंजी धड हाईत ना?"

"अगदी धड आहेत."

"मंग तुमीच आजारी असनार," गोजरबाईनं निकाल देऊन टाकला. "म्हैना झाला, तुमचा आवाज न्हाई. बुरुडगावाहून निगाल्यावर मला घड्याळ लागत न्हाई. ह्या गल्लीच्या तोंडाला आलं की तुमी मालकाला बोलत असायच्या, म्हंजी साडेसहा झालं. आता हितं शिरलं की वाटतं, कुनाच्या मौतीला आले." आणि तिनं मापावर आणखी एक धार सोडली, सुतकाच्या घरी सोडावी तशी.

मौतीच्या घरी तरी दूध पाण्यावाचून घालत जा, हे वाक्य दमयंतीच्या घशापर्यंत आलं. चांगलं घोटीव वाक्य होतं. ते तिनं क्षणभर तिथंच धरून ठेवलं, मग आवंढ्याबरोबर खाली ढकललं आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो." गोजरबाई दचकली. चरवी उचलून ती जी निघाली, ती कोपऱ्यापर्यंत दोनदा मागं वळून पाहत गेली.

दुधाचं पातेलं हातात घेऊन दमयंती दारातच उभी राहिली. महिनाभर तिला वाटत होतं की आपलं गप्प बसणं आपल्याला ठाऊक, देवाला ठाऊक, आणि फार तर चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी सुचित्राबाईंना ठाऊक. गल्लीला ते ऐकू आलं होतं, हे नवीनच. म्हणजे त्याआधीची तेवीस वर्षं जे काही होतं तेही ऐकू जात होतं. बुरुडगावचं दूध त्याच्या तालावर नगरात येत होतं. सकाळी साडेसहाला आपण काय काय बोलत होतो ते तिनं आठवून पाहिलं. 'आरशातला माणूस काही पळून जात नाही, आवरा.' 'हनुवटी राहिली, ती काय संध्याकाळच्या भक्तीला?' 'तुमच्या वस्तऱ्यापेक्षा माझी विळी बरी.' अशी रोज चार-दोन. ओट्यावर पोळपाट मांडता मांडता, मान न वळवता. ती टाकताना तिला कधी वाटलं नव्हतं की आपण काही टाकतो आहोत. चहात आलं टाकावं तसं ते होतं. तिनं आत पाहिलं. खिडकीच्या गजाला आरसा अडकवून सूर्यभान उभा होता, अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल मोकळा. तिची नजर लागल्याबरोबर त्याचा हात थांबला. वस्तरा खाली ठेवून त्यानं विचारलं, "काय झालं?" हल्ली तो सारखं हेच विचारायचा.

"काही नाही. तुमचं चालू द्या," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडावर जी काळजी पसरली ती साबणातूनसुद्धा दिसली.

पिठाच्या डब्यामागं भिंतीवर तिनं कोळशानं एकतिसावी रेघ ओढली. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंताच्या पहिल्या दिवसापासून, रोज एक. लेंताचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे, चाळीस दिवस असतात एवढं तिला माहीत होतं. त्यापलीकडं फारसं नाही. ती जन्मानं अमेरिकन मिशनची, शेवगावाकडच्या एका खेड्यातली. तिकडं लेंत नव्हता, राखेचा बुधवार नव्हता. तिकडं वर्षभर सारखंच प्रार्थना करायची आणि बारा महिने सारखंच साधं जेवायचं. लग्न होऊन ती नगरात विलायती मिशनच्या घरात आली आणि दरवर्षी फाल्गुनाच्या सुमाराला सासूबाई, साळूबाई, गूळ सोडायच्या, सूर्यभान चहा सोडायचा, तेव्हा ती ते परक्या घरचं लग्न पाहावं तसं पाहायची. वाढायची, आवरायची, मध्येमध्ये एखादी कोपरखळी मारायची. स्वतः कधी काही सोडलं नाही. यंदा धाकटी मुलगीही लग्न होऊन गेली, घर एकदम मोठं झालं, आणि त्या मोठेपणाला कंटाळून ती राखेच्या बुधवारी चर्चच्या देवळामागच्या खोलीत बायकांच्या सभेला जाऊन बसली. तिथला रिवाज असा की एकेकीनं उठून उभं राहायचं आणि आपण काय सोडणार ते सगळ्यांसमोर सांगायचं. पहिली उठली, साखर. दुसरी उठली, साखर. लढाईचे दिवस, जिल्ह्यात उसाचे मळेच्या मळे, साखरेचे कारखाने, आणि घरात साखरेच्या बरणीला तोंड लावावं तर आपलाच श्वास परत यायचा. सातवी बाई उठून साखर म्हणाली तेव्हा दमयंतीला राहवलं नाही. "सुचित्राबाई," ती म्हणाली, "सोडायला आधी हातात यावी लागते. आपल्या सगळ्यांच्या वतीनं रेशनवाला दिवाळीपासून लेंत पाळतोच आहे." खोली हसली. सुचित्राबाई हसल्या नाहीत. त्या मृदू बाई, आवाज कधी चढायचा नाही. "मग दमयंतीबाई, तुमच्याकडं भरपूर आहे ते सोडा. जे रेशनवर नाही." दमयंतीनं भोळेपणानं विचारलं, काय ते? सुचित्राबाई म्हणाल्या, "जीभ." आणि खोली दुसऱ्यांदा हसली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ. ते हसू कानातून मानेपर्यंत उतरलं, आणि तिच्या तोंडून शब्द गेला, "सोडली. टोमणा नाही, खोच नाही, चाळीस दिवस."

तेव्हा हा उपास देवासाठी होता असं ती शपथेवर सांगू शकली नसती. पहिले दहा-बारा दिवस तर तो निव्वळ सुचित्राबाईंसाठी होता. गिळलेला प्रत्येक टोमणा ती मनातल्या मनात त्यांच्या पायाशी नेऊन ठेवायची, मांजर उंदीर आणून ठेवतं तसा. रात्रीच्या भक्तीला गुडघे टेकले की तिला लाज वाटायची. 'प्रभू,' ती म्हणायची, 'तू चाळीस दिवस रानात काढलेस, मान्य आहे, पण तिथं तुझ्यासमोर नुसता सैतान होता. इथं सूर्यभान आहे, एका पायात एका जोडीचा आणि दुसऱ्या पायात दुसऱ्या जोडीचा मोजा घालून दवाखान्यात निघालेला.' मग दचकून थांबायची, कारण हाही टोमणाच झाला होता. तिच्या ध्यानात आलं की गेली तीस वर्षं ती देवाशीसुद्धा अशीच बोलत आली आहे, आणि त्यानं कधी तक्रार केली नाही. म्हणजे एकतर त्याला चालतं, नाहीतर तोही सूर्यभानासारखा ऐकून घेणारा आहे. शाळेत, जिथं ती मुलींना शिवण शिकवायची, तिथं निराळीच तऱ्हा. "ही उलटी टीप घातलीस बेटा, उसव आणि पुन्हा घाल, छान जमेल," असं ती एकीला म्हणाली, तर ती पोरगी हातातली सुई टाकून रडायला लागली. तिला वाटलं बाई आता आपलं नाव काढून टाकणार.

पण या गप्प बसण्यात तिला एक नवं ऐकू यायला लागलं, आणि त्याचीच तिला थोडी भीती वाटत होती. सूर्यभानाच्या वाक्यांना शेवट असायचा. तेवीस वर्षं तिनं त्याची वाक्यं निम्मीच ऐकली होती. "मला वाटतं की" असं तो म्हणाला की पुढचं ती स्वतःच पुरं करायची, त्याच्यापेक्षा चटकदार. आता तो "मला वाटतं की" म्हणायचा, सवयीनं थांबायचा, ती काही बोलत नाही असं पाहून बिचकायचा आणि मग अंधारात पायरी चाचपावी तसा पुढं सरकायचा. "मला वाटतं की त्या चिमण्या दरसाल त्याच असतात." असलं काहीतरी. तो असल्या गोष्टींचा विचार करतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तो कबुल्या द्यायला लागला. तिचं गोड बोलणं त्याला सहन होत नव्हतं. पहिल्या आठवड्यातच, ताटावर बसल्या बसल्या, तिनं "भाजी आणखी वाढू का?" असं विचारलं आणि त्यानं हातातला घास खाली ठेवला. "तुझ्या आईची चिनी मातीची किटली मांजरानं नव्हती फोडली," तो म्हणाला. "मी फोडली." ती म्हणाली, असू द्या. दोन दिवसांनी तो म्हणाला की त्याला शेपूची भाजी आवडत नाही. कधीच आवडली नव्हती. तेवीस वर्षं आठवड्यातून दोनदा शेपू! तरी ती म्हणाली, "बरं, नाही करणार." त्यानं मग सांगितलं की लेंतात चहा सोडतो म्हणतो तो खरा, पण भिंगारच्या रस्त्याला एक इराणी आहे, तिथं तो दर गुरुवारी जातो. सांगून झाल्यावर तो तिच्याकडं असा पाहत राहिला की जणू आता तरी वीज पडेल. ती पडेना. तो आणखी खचला. एखादा रोगी दुखतंय म्हणून ओरडतो तो बरा, असं तो दवाखान्यातून आल्यावर नेहमी सांगायचा. कंपाउंडरकीत जन्म गेलेला माणूस. 'काही नाही, बरं आहे' म्हणणाऱ्या रोग्याची त्याला धास्ती होती.

मंगळवारी दिवेलागणीच्या आधी तो ओट्यावर बसून राखेनं कंदिलाची काच पुसत होता. ती पलीकडं तांदूळ निवडत होती. "मला वाटतं की," तो म्हणाला, थांबला, तिच्याकडं पाहिलं. ती निवडत राहिली. "मला वाटतं की तुला सांगायला हवं. मिशन राजूरला दवाखाना काढतंय. डॉक्टर महिन्यातून एकदा जाणार, बाकी वेळ कंपाउंडरनं राहायचं. मला विचारलंय. येत्या सोमवारच्या टपालानं उत्तर द्यायचंय." तिचा हात सुपात थांबला. राजूर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पलीकडं, डोंगरात, आसपासच्या वाड्यांचा बाजार भरतो तिथं. "मी एकदा गेलोय तिथं," काच पुसत तो म्हणाला. "मानमोडीची साथ आली त्या साली. माणसं पटापट मरत होती, डॉक्टरसाहेबांनी मला पेटी उचलायला नेलं. एकोणीस वर्षांचा होतो. एका ठाकर म्हातारीला औषध पाजलं. ती वाचली. चार दिवसांनी डोंगर उतरून ओच्यात आवळे घेऊन आली. म्हणाली, औषध लई कडू, पर मानूस बरा हाय." त्यानं काच उजेडाकडं धरून पाहिली. "तेव्हापासून मला कुणी बरा माणूस म्हटलेलं नाही." हे त्यानं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. औषधाचं प्रमाण सांगावं तसं म्हटलं. "तेव्हापासून वाटतं, तिथं जाऊन राहावं. एकदा तुला म्हणालोही होतो."

कधी म्हणाला होता? ती आठवत राहिली; रात्रभर नाही, पण भात चढवताना, अंगण झाडताना, शाळेत पोरींच्या माना वाकलेल्या पाहताना. आणि बुधवारी दुपारी, झबल्याची कड दुमडताना, तिला ते मिळालं. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. ती एकोणीस वर्षांची, आईविना वाढलेली, दोन लुगडी आणि एक चिनी मातीची किटली एवढं घेऊन आलेली. अंगणात सासूबाई आणि शेजारच्या चार बायका वाल सोलत बसल्या होत्या आणि नव्या सुनेकडं बघायचंही कुणाला पडलेलं नव्हतं. सूर्यभान बाहेरून आला आणि कुणा एकाला उद्देशून नव्हे, असाच म्हणाला, "मला पुढंमागं राजूरला जाऊन राहावंसं वाटतं." आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "जा की. मंडईला निघालात तर दिल्ली दरवाजाशी वाट चुकता. राजूरला पोचेपर्यंत आपल्याला नातवंडं झालेली असतील." एवढ्या मोठ्यानं बायका हसल्या की वालाच्या शेंगा मांडीवरून घरंगळल्या. साळूबाईंनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं आणि जवळ बसायला पाट दिला. त्या दिवशी त्या घरात तिचं माणूस झालं. तो पाट तिला तेवीस वर्षं आठवत होता, अगदी त्याच्या एका पायाचा डुगडुगाटसुद्धा. आणि ज्या शब्दानं तो मिळाला तो शब्द ती दहा मिनिटांत विसरली होती. सूर्यभानही हसला होता. हे तिला आठवलं, आणि सुई बोटात गेली. तो हसला होता, आणि हसत हसत दाराची चौकट धरून जरा वेळ उभा राहिला होता, आपण कशाला बाहेर आलो हे विसरल्यासारखा.

तिला वाटलं, आत्ता उठावं आणि दवाखान्यात जाऊन त्याला सांगावं, चला. सांगितलंही, संध्याकाळी. "जाऊ या की राजूरला. मला आवडेल," ती म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं, पण बाहेर पडताना त्यावर लेंताची साय धरली. तिलाच ते सुचित्राबाईंच्या आवाजात ऐकू आलं. सूर्यभान तिच्याकडं बघत राहिला. 'बरं आहे' म्हणणाऱ्या रोग्याकडं बघावं तसा. "तुझं इथं सगळं आहे," तो हळूच म्हणाला. "शाळा आहे. माझ्यासाठी म्हणून म्हणू नकोस." ती म्हणाली, नाही हो, खरंच. ते 'खरंच' तर फारच वाईट लागलं. गुरुवारी तिनं पुन्हा सांगून पाहिलं, तो म्हणाला, "तू फार चांगली आहेस," आणि दोघंही त्या वाक्यापुढं नवख्या पाहुण्यांसारखे अवघडून बसले. एक टोमणा, तिला कळत होतं. एकच नेमका टोमणा मारला असता तर त्याचा विश्वास बसला असता. तो जिभेवर होता, जिरंमोहरी फोडणीत तडतडावी तसा. पण शब्द दिला होता. सगळ्या बायकांसमोर, आणि आता, तिसाव्या दिवसानंतर, थोडा देवासमोरही. मधेच कुठंतरी गिळलेला टोमणा सुचित्राबाईंच्या पायाशी न्यायचा तिला विसर पडला होता, आणि आता शब्द नक्की कुणाला दिला आहे हे सांगता येत नव्हतं, म्हणूनच मोडता येत नव्हता. शनिवारी दुपारी सूर्यभानानं चष्मा लावून पत्र लिहिलं. "नको म्हणून कळवतोय," तो म्हणाला. "वय झालं आता डोंगराला." पत्राची घडी त्यानं कोटाच्या खिशात ठेवली, सोमवारी टपालात टाकायला. दमयंती मोजत होती. उद्या चाळिसावी रेघ. सोमवारी उजाडताच जीभ मोकळी. तो कोट अंगात घालायच्या आत गाठायचं.

रविवार झावळ्यांचा होता. देवळात शिंदीच्या झावळ्या वाटल्या, होसान्ना म्हणत सगळे आवाराला वळसा घालून आले, उन्हानं डोक्यावरचे पदर तापले. आणि शेवटी सुचित्राबाईंनी बायकांना सांगितलं, "आता शेवटचा आठवडा, पवित्र आठवडा. जे सोडलंय ते ईस्टरच्या पहाटेपर्यंत सांभाळा हं."  अजून आठवडा? दमयंतीनं मनातल्या मनात भिंतीवरच्या रेघा पुन्हा मोजल्या. पाच-पाचाचे आठ गठ्ठे होते. त्यात चूक नव्हती.

घरी येताना सूर्यभान दोन पावलं पुढं चालला होता, हातात झावळी, खिशात ते पत्र. "अहो," ती म्हणाली, "एक विचारू?"

त्याची पाठ ताठ झाली. "विचार ना."

"आज चाळीस भरले माझे. सकाळी शेवटची रेघ ओढली. मग ईस्टर अजून आठवड्यावर कसा?"

"किती भरले?"

"चाळीस."

सूर्यभान रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून आलेल्या टांगेवाल्यानं घोडा आवरला आणि त्याला एक शिवी दिली. ती त्याला ऐकू आली नाही. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. "तू रविवार धरलेस?"

"धरायचे नसतात?"

"नसतात, दमयंती! रविवार प्रभूच्या उठण्याचा. त्या दिवशी उपास कसला? सहा रविवार वगळून चाळीस दिवस होतात."

आधी तिला आठवल्या साळूबाई. लेंतातल्या दर रविवारी न्हाऊन, धुवट लुगडं नेसून, शांतपणे गुळाचा खडा तोंडात टाकणाऱ्या. म्हातारी फसवते, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं आणि त्या वारल्या तरी मागं घेतलं नव्हतं. मनातल्या मनात तिनं त्यांची माफी मागितली. तेवढ्यात सूर्यभान म्हणाला, "म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं? रविवारी तू मुद्दाम गोड बोलत नव्हतीस?"

"मुद्दाम म्हणजे?"

"सोमवार ते शनिवार तुझा नेम, ते मला कळत होतं. सुचित्राबाईंचं ऐकलं होतं मी. म्हटलं, रविवारी मोकळी होईल, रविवारी काढील उट्टं. पहिल्या रविवारी सकाळपासून वाट पाहिली. तू काही बोलेनास. म्हणून मुद्दाम सदरा उलटा घालून बसलो समोर." त्यानं झावळी दुसऱ्या हातात घेतली. "तू म्हणालीस, उलटा झालाय वाटतं, पण छान दिसतो. तेव्हाच मी ओळखलं."

"काय ओळखलं?"

"की माझ्यात आता काही राम उरला नाही असं तुला वाटतंय. बोलण्याइतकासुद्धा नाही."

रस्त्यात मारवाड्याचं दुकान उघडं होतं, दोन बायका मडकी घेऊन चालल्या होत्या, देवळातून परतणारी मंडळी 'सलाम, सलाम' करत बाजूनं जात होती.  दमयंतीला वाटलं रडू येणार. पण जे वर आलं ते रडू नव्हतं.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "उलटा सदरा तुम्ही मुद्दाम घातला होता? आणि बाकीची तेवीस वर्षं? ती चुकून?"

सूर्यभानाचे डोळे मोठे झाले.

"आणि राम शोधत बसलेत! ख्रिस्ती माणूस, भर झावळ्यांच्या रविवारी, रस्त्यात उभा राहून म्हणतो माझ्यात राम नाही. पाळकसाहेबांनी ऐकलं तर दोघांनाही बाहेर काढतील, तुम्हाला आणि रामाला. उलटा सदरा घालून बसायचं कळतं, पण तोंड उघडून विचारायचं कळत नाही, की बाई, रविवारचं का गप्प? चिमण्यांचं सांगता येतं, हे विचारता येत नाही. आणि शेपू! तेवीस वर्षं शेपू खाल्ली मुकाट्यानं! म्हैस तरी नको असलेली पेंढी शिंगानं बाजूला करते."

"दमयंती," तो म्हणाला. तोंडभर हसू पसरलं होतं आणि चष्म्याच्या मागं पाणी आलं होतं. "लोक बघताहेत."

"बघू देत. आज रविवार आहे. ते पत्र कुठाय?"

त्यानं कोटाच्या खिशावर हात ठेवला. तिनं तो हात बाजूला केला, पत्र काढलं, तिथंच रस्त्यात त्याचे चार तुकडे केले आणि पदरात बांधले. मग दोघं चालू लागले. ती पुढं, तो मागं. "वय झालं म्हणे डोंगराला! डोंगराला विचारलंत का त्याचं वय? तो काही म्हणाला? दोन वेगवेगळे मोजे घालून निघणारा माणूस राजूरला जाणार आणि तिथं थंडी काय अशी तशी असते? तुमचा मफलर कसरीनं खाल्लाय, तो कुणी विणायचा, मीच ना? कंदिलाला तेल मिळतं का तिथं? नसेल मिळत. तांदूळ मात्र मिळतो म्हणतात, म्हणजे रेशनच्या त्या किडक्या गव्हातून सुटका झाली. पाटा न्यायला लागेल. डोंगरात दगड कमी नसतील, पण माझ्या पाट्याला आत्ता कुठं टाकी लावलीय, तो मी सोडून येणार नाही. आणि तिथल्या पोरींना सुई धरता येते का? नसेलच येत. पहिल्यापासून शिकवायचं. म्हातारी अजून जिवंत असेल तर तिला जाऊन सांगेन मी, बाई, तू याला बरा म्हणालीस आणि माझ्या गळ्यात बांधलास, आता घे." एका दारात उभी असलेली बाई आत ओरडून कुणाला तरी म्हणाली, "आल्या, आल्या, दमयंतीबाई बोलायला लागल्या!" सूर्यभान इतका हसत होता की त्याला झावळी टेकून उभं राहावं लागलं, आणि झावळी वाकली, त्यावरूनही तिला दोन वाक्यं सुचली.

जेवण होऊन, भांडी घासून झाली तरी ती चालूच होती. सूर्यभानानं दुसरा कागद घेतला. लढाईपायी कागदाचीही टंचाई. हा तिच्या शाळेच्या वहीतला, एका बाजूला झबल्याच्या मापाची आकृती असलेला. पाठकोऱ्या बाजूवर तो हळूहळू लिहू लागला, दर शब्दाला मान तिरपी करून. तिनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. 'राजूर येथील दवाखान्याचे काम पत्करण्यास मी आनंदाने तयार आहे. पावसाळ्यापूर्वी हजर होईन.' खाली सही.

"हे काय?" ती म्हणाली. "ह्यात मी कुठाय?"

"तू?"

"मी काय सामानात येणार? पाट्याबरोबर बांधून?"

सूर्यभानानं टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि ओळीच्या वर, जरा दाटीवाटीनं, लिहिलं, 'माझी पत्नी दमयंती हीही येईल.' शाई जास्त झाली होती. तिच्या नावाच्या शेजारी वाटाण्याएवढा डाग पसरला.

"पडला डाग," ती म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला, आणि फुंकर घालून तो सुकवू लागला.

तिनं बाहेर पाहिलं. दिवस अजून कासराभर वर होता. सोमवार यायला बराच अवकाश होता. तिनं पदर खोचला आणि त्याच्यासमोर बसली.